शुद्धीवरचा माणूस

फाल्गुन आल्याचं आमच्या लखनौच्या गोमती नगरात आधी गच्चीवर कळतं. जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यावर बटाट्याचे पापड पडतात, आणि शेजारी माकडांसाठी एक काठी आणि काठीसाठी एक काकू बसवली जाते. खाली कुणाच्या तरी घरी खवा भाजायला घेतलेला असतो आणि तो वास जिन्यानं सगळे मजले चढत येतो. थंडी अजून पुरती गेलेली नसते. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, आणि दोन्हींच्या मध्ये शिंका. या दिवसांत मला उगाचच बरं वाटतं. कारण काही नसतं.

यंदाही तसंच झालंय. कडुनिंबाची पानं गळायला लागलीत, झाडूवाला भैया सकाळी लोटतो आणि दुपारपर्यंत रस्ता पुन्हा पिवळा होतो. मागच्या रविवारी आम्ही मलिहाबादच्या रस्त्यानं गेलो तर दोन्ही बाजूंच्या आमराया मोहोरानं इतक्या लगडलेल्या, की सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाडीच्या काचा खाली केल्या आणि बराच वेळ कुणी बोललंच नाही. बँकेतला माणूस गप्प बसला म्हणजे वास खराच असणार.

आणि आमच्या बिल्डिंगशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भांग उगवलीय. ती कुणी लावत नाही, तिला कुणी पाणी घालत नाही. थंडीत ती आपली आपण वर येते आणि फाल्गुनात कमरेएवढी होते. मी वनस्पती संशोधनात नोकरी करते. झाडं वाळवणं, दाबणं आणि कागदावर चिकटवणं हे माझं आयुष्य. दुसऱ्या कुणी ती फांदी घरात आणली तर सोसायटीत चर्चा होईल. मी आणली तर तो नमुना.

वाईहून लग्न करून मी या शहरात आले, तेव्हा पहिल्या होळीच्या सुमारास चौकाकडच्या एका गल्लीत दुकानावरची पाटी वाचून थबकले होते. सरकारी मान्यता असलेलं भांगेचं दुकान. आमच्याकडे भांग म्हणजे शंकराची आणि साधूंची, सभ्य माणसानं नावही घेऊ नये अशी. इथे एक सदरा घातलेले आजोबा पिशवीत कोथिंबीर, आलं आणि भांगेचा गोळा घेऊन घरी निघाले होते. कायदाही मोठा मजेदार. झाड एकच, पण पानाला परवाना आणि फुलाला, म्हणजे गांजाला, बेड्या. मी वनस्पतीशास्त्र शिकले आहे, तरी ही फोड मला झाडाकडे बघून कधी समजली नसती.

पण मला आठवतोय तो केतकी टोरांटोहून पहिल्यांदा सुटीवर आली तो फाल्गुन. केतकी आमची मुलगी. जन्म इथला, वाढली इथे, मराठी सगळं समजतं आणि उत्तरं हिंदीत. तिकडे शिक्षण संपवून नोकरीला लागली होती, पंचविशी ओलांडली होती, आणि होळी घरी करायची म्हणून हट्टानं आली होती. घरात सुहासचे वडील होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. साताऱ्याकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीत असताना त्यांनी पंचक्रोशीत दारूबंदीच्या प्रभातफेऱ्या काढल्या होत्या. त्यामागे कारण होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विषय काढत नसे. त्यांचा धाकटा भाऊ दत्ता दारूनं गेला होता.

त्या दिवशी अण्णा जेवताना पेपरातली बातमी सांगत होते. कुठल्याशा देशात मोठ्या माणसांना मौजेखातर नशा करायला कायद्यानं मोकळीक द्यायची, यावर तिथल्या संसदेत वाद चालला होता. जबाबदारीनं नशा म्हणजे काय, तर सावकाश पडणं, असं अण्णांचं म्हणणं. केतकी आमटी वाढून घेत होती. ती म्हणाली, की तिकडे गांजा दुकानात मिळतो, वय तपासतात, पाकिटावर किती ताकद आहे ते छापलेलं असतं. विषाच्या बाटलीवरही छापलेलं असतं, अण्णा म्हणाले. मी डोळ्यांनी तिला पुरे म्हणाले. तिनं बघितलंही. तरी वाटी खाली ठेवून तिनं मराठीतच सांगितलं,

"अण्णा, मी घेतलंय. कधीतरी, मैत्रिणींबरोबर, शनिवारी. तुमच्याशी खोटं नाही बोलायचंय मला."

अण्णांनी ताटात पाणी फिरवलं आणि उठले.

तेव्हापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. आमच्या घरातलं न बोलणं मात्र फार बोलकं असतं. ती समोर बसलेली असताना अण्णा मला सांगायचे, "मेधा, तिला सांग, दूध उतू जातंय." ती म्हणायची, "मम्मी, अण्णांना सांग, देख लिया." मी दुभाष्याचं काम करत पोळ्या लाटत होते. वरवर विनोदीच होतं सगळं. पण नातीला पाढे शिकवलेला, तिच्या शाळेच्या बसला रोज हात केलेला माणूस तिच्याकडे बघत नव्हता, आणि तिचं परतीचं तिकीट होळीनंतर लगेचचं होतं. अशीच गेली तर पुन्हा कधी येईल, आणि आली तरी कुणाकडे येईल, हाच विचार मी करत होते.

लष्करी छावणीतल्या रस्त्यांवर आम्ही दोघी फिरायला जायचो. तिथे शहराचा गलका पोचत नाही. चुना लावलेल्या झाडांच्या रांगा, कुंपणामागे कुणीतरी बॅडमिंटन खेळतंय, आणि वाळक्या पानांवर आपलीच पावलं वाजतात. मी तिला आईसारखं झापलं. गरज काय होती सांगायची? आणि मुळात घ्यायचं तरी कशाला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं: छुपके करूँ तो ठीक, बताऊँ तो गुनाह, ये क्या बात हुई? दुसऱ्यावर ती थोडी अडखळली. अच्छा लगता है, यार मम्मी, म्हणाली. हसू येतं, गाणं जास्त ऐकू येतं, सोमवारी ऑफिसला जाते. मला पटलं असं नाही. माझ्या ओळखीतली एक हुशार मुलगी असल्याच कशानं मनातून पार विस्कटली होती, तीही मला दिसत होती. पण आपली मुलगी आपल्याला खरं सांगते आहे, याचा आनंद भीतीच्या जरा वरच राहत होता. तो आनंद लपवायला मी तिला आणखी थोडं झापलं.

आता शुक्लाजींविषयी. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. रंगाच्या दिवशी खालच्या अंगणात त्यांची ठंडाई असते. दोन पातेली. एक साधं, आणि गळ्यात झेंडूची माळ घातलेलं ते भांगेचं. पळी शुक्लाइनजींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती जात नाही. त्या प्रत्येकाला तोंडावर विचारतात, सादी या हरी? उत्तर आल्याशिवाय थेंब पडत नाही. लहानांना आणि कॉलेजच्या पोरांना हिरवी नाहीच. ज्याचं औषध चालू आहे त्याला नाही. त्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाची बायको नुकतीच गेली होती, त्यानं पेला पुढे केला तर त्यांनी त्यात साधी ओतली आणि हलकेच म्हणाल्या, "इस साल नहीं, बेटा." तो ती प्यायला, आणि मग त्यांच्याच शेजारी बसून राहिला.

या मंडळींची आणखी एक रीत होती. दरवर्षी एक मोठा माणूस ठरवून काही घेत नाही आणि सगळ्यांच्या वतीनं शुद्धीवर राहतो. होश कौन रखेगा, असं आठवडाभर आधी विचारतात. गाड्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे जमा होतात. कुणी घाबरलं तर तो जवळ बसतो, कुणी फाटकाकडे निघालं तर परत आणतो. हे काम तळमजल्यावरचे निवृत्त मेजरसाहेब करायचे. त्या वर्षी ते मुलीकडे गेले होते.

शुक्लाजी सरळ अण्णांकडेच आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा ताठ बसले होते. या प्रकारात मी सामील होणार नाही, हे त्यांनी आपल्या सातारी हिंदीत सांगितलं.

"इसीलिए तो आपके पास आए हैं, मास्टर साहब," शुक्लाजी म्हणाले. "जो बीच में ललचा जाए, वो किस काम का?"

मग दोघांचा वाद रंगला. आवाज न चढवता, बिस्किटं खात. शुक्लाजींचं म्हणणं असं, की शौक असेल तर दुसऱ्या दिवशी त्याची आठवण येत नाही, आणि आठवण आली तर माणसानं गुपचूप डॉक्टर गाठावा. अण्णांनी विचारलं, ती आठवण कुणाला येणार आणि कुणाला नाही, हे पेला भरताना कसं कळतं? शुक्लाजींनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. नहीं पता चलता, म्हणाले, इसीलिए तो साल में दो बार, इसीलिए पळी घरवाली के हाथ, और इसीलिए आप. अण्णांना प्रामाणिक उत्तराचा फार मोह. त्यांनी हो म्हटलं. आयुष्यभर जी शुद्ध जपली तिचा उपयोग आजवर कुणी मागितला नव्हता, असंही मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

होळीच्या संध्याकाळी पुरणपोळ्या झाल्या. आमच्याकडे रंग रंगपंचमीला, हे लोक दुसऱ्याच दिवशी कसे खेळतात, हे अण्णांचं दरवर्षीचं गाऱ्हाणंही झालं. आणि रंगाच्या दिवशी अण्णा पांढरा सदरा, टोपी आणि गळ्यात शिट्टी अशा वेषात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले. मांडीवर माझा पुरणाचा डबा, त्यात किल्ल्या. आप चाबी दीजिए, फिर आगे जाइए, असं प्रत्येकाला सांगत होते. हवेत गुलाल, पोरांच्या पिचकाऱ्या, कुणीतरी पळसाची फुलं भिजवून केलेलं केशरी पाणी, गुजियांची, म्हणजे खव्याच्या करंज्यांची, ताटं, ढोलक. अण्णांवर रंग टाकायची कुणाची छाती झाली नाही. फक्त एका तीन वर्षांच्या मुलीनं येऊन त्यांच्या गुडघ्यावर पाचही बोटं उमटवली, आणि त्यांनी ती पुसली नाहीत.

शुक्लाइनजींनी केतकीला विचारलं, सादी या हरी? केतकीनं आधी अण्णांकडे पाहिलं. लांबून, पण त्यांना दिसेल असं. मग म्हणाली, हरी, आधा. अण्णांनी डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. मी वर जाऊन पोळ्या गरम करायला लागले, कारण दुसरं काही सुचेना.

पुढची चूक फक्त दारूशी लढलेला मुख्याध्यापकच करू शकला असता. अण्णांना नशा माहीत होती ती दारूची: घोट गेला की डोळे लाल, जीभ जड. थोडा वेळ थांबून त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकेकाला समोर उभं करून उनतीस का पहाड़ा म्हणायला लावलं. साधी ठंडाई प्यायलेला शेजारच्या जिन्यातला एक बँक मॅनेजर चौथ्या ओळीत आपटला. दोन गृहिणी काहीही न पिता नापास झाल्या. हिरवीचा भरलेला पेला रिचवलेल्या शुक्लाजींनी पाढा अस्खलित म्हटला आणि नमस्कार केला. अण्णांनी निष्कर्ष काढला, की या हिरव्या पाण्यात काही दम नाही, ही मंडळी वर्षानुवर्षं नुसतंच कौतुक करताहेत. त्यांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना किल्ल्या परत केल्या आणि कर्तव्य संपल्यासारखे उठून उभे राहिले.

भांग पोटातून चढते. निवांत, तासाभरानं, कधी त्याहून उशिरा. मला हे माहीत होतं, पण मी तव्यापाशी होते आणि मला कुणी विचारलं नव्हतं. शुक्लाजींनी अत्यंत आदरानं सांगितलं, की मास्टर साहब, अभी तो आई ही नहीं.

खिडकीतून मी अण्णांचा चेहरा पाहिला. मंडळी पांगली होती. हिरवी प्यायलेले शेजारचे तिवारीजी बायकोला मागे बसवून छावणीतल्या भावाकडे निघायच्या बेतात फाटकाशी स्कूटर पुसत होते. अण्णांची हिंदी घाईत साफ कोसळते. त्यांनी चहूकडे बघितलं. केतकी कठड्यावर बसली होती, अजून चांगली जाग्यावर. त्यांनी डबा उचलला आणि तिला म्हणाले, "चल."

इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द. ती उडी मारून उठली.

पुढचं मी वरून पाहिलं आणि माझं पोट हसून दुखलं. पुढे टोपीवाले अण्णा, मागे रंगानं जांभळी झालेली केतकी, दारोदार किल्ल्या गोळा करत. अण्णा मराठीत फर्मावणार, केतकी त्याचं लखनवी करणार. "आधी किल्ली टाक म्हणावं डब्यात" याचं तिच्या तोंडून "अंकल, ज़रा-सी ज़हमत कीजिए, चाबी इनायत हो" असं होत होतं. तिवारीजींनी किल्ली दिली, लगेच परत मागितली, मग अण्णांनाच मिठी मारली, आणि त्यांची बायको स्कूटरवर एकटी मागे बसून हसत राहिली. शेवटची किल्ली डब्यात पडली, तेव्हा केतकीला एका कुंडीतली कोरफड तिच्या शाळेतल्या उपमुख्याध्यापिकेसारखी दिसायला लागली होती. ती थांबून कोरफडीला नमस्कार करत होती. अण्णांनी तिचं कोपर धरलं आणि तिला घरी आणलं.

मी धावत पुढे झाले. "तू पोळ्या बघ," अण्णा म्हणाले, "ही माझ्या ड्यूटीत आहे." तिला बाल्कनीतल्या खुर्चीत बसवून त्यांनी पाणी दिलं आणि शेजारी वेताच्या स्टुलासारखा मोडा ओढला. ती हसली, खूप हसली, कडुनिंबाच्या पानांना एकेक करून टाटा केलं. मग एकदम खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळे मोठे झाले.

"अण्णा, हे उतरेल ना?"

"उतरेल," ते म्हणाले. "मी बसलोय."

मी आत कणीक मळत होते. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी मळत होते. खाली ढोलक चालू होतं. खूप वेळानं अण्णांचा आवाज आला, शाळेतला नाही, दुसराच.

"दत्ता पिऊन आला की मी दार लावायचो. आपल्या घरात दारू शिरू द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात. त्यानं पिणं नाही सोडलं, केतू. घरी यायचं सोडलं."

केतकीनं त्यांचा हात घेऊन आपल्या जांभळ्या गालाला लावला. त्यांचा पांढरा सदरा शेवटी रंगलाच.

"माझं मत बदललेलं नाही," अण्णा म्हणाले. "हे वाईटच. पण तू मला सांगत जा. आणि घेऊन असलीस तरी घरी ये."

ती म्हणाली, "आऊँगी." मग थोड्या वेळानं, "भूख लगी है." मी दिलेल्या सगळ्या पोळ्या तिनं तुपात बुडवून खाल्ल्या आणि पुरण म्हणजे काय अद्भुत गोष्ट आहे यावर आम्हाला ऐकवलं. संध्याकाळपर्यंत तिची उतरली आणि ती झोपली. अण्णा मात्र मोड्यावरून हलले नाहीत.

या वादाचा निकाल माझ्याकडे नाही. मला शुक्लाइनजींची पळी पटते, आणि त्या पळीपर्यंत न पोचलेला दत्ताही दिसतो. पान चांगलं की वाईट, हे मी इतकी वर्षं पानं चिकटवूनही सांगू शकत नाही. माणूस कितीही सांभाळून चालला तरी कधीतरी पाय घसरणारच, आणि तेव्हा जवळ कुणी बसलेलं असावं, एवढंच मला कळतं. याला कुणी मत म्हणणार नाही, पण माझं ते आहे.

दर रविवारी टोरांटोहून फोन येतो. तिकडे कायद्यात नवं काय झालं ते केतकी सांगते, अण्णा त्यातल्या चुका काढतात. ती आपलं आठवड्याचं खरंखुरं सांगते. बरेचदा सांगण्यासारखं काही नसतंच. एखाद्या शनिवारी असतं, तेव्हा अण्णा भडकतात, फोन आपटतात, आणि दिवसभर मला ऐकवतात. पुढच्या रविवारी पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलतात.

यंदाही भांडण झालंय, कडाक्याचं. दोघांपैकी कुणीही मत बदललेलं नाही. आणि ती गुरुवारी घरी येतेय.